मोर्शीला गेलेली फाईल

खरं सांगा, एखादा अनोळखी माणूस काही कारण नसताना तुमच्याशी चांगला वागला, तर तुमच्या मनात आधी काय येतं? आभार, की संशय?

माझ्या मनात संशय यायचा. तोही मुद्देसूद. दोष माझा एकटीचा नाही, आमच्या घरात पुस्तकं नंतर आली, पत्रकं आधी. बाबा सायकलच्या कॅरिअरला गठ्ठा बांधून अमरावतीच्या वस्त्यांमधून फिरत आणि संध्याकाळी विहाराच्या पायरीवर उभे राहून पत्रकं वाटत. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. कंटाळा आला की पान उलटून छापील बाजू वाचायची. चौथीत मला ताप आला तेव्हा मी बाईंना स्वतःच रजेचा अर्ज लिहिला आणि त्याचा शेवट केला, 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.' रजा लगेच मंजूर झाली. या भाषेवरचा माझा विश्वास तेव्हा बसला तो बसलाच.

पत्रकांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली होती. उपकार घ्यायचे नाहीत, हक्क मागायचे. उपकार करणारा आज हसतो आणि उद्या चारचौघांत बोलून दाखवतो, असं माझं ठाम मत होतं. एकदा भर उन्हात एका रिक्षावाल्याने मला पुढच्या चौकापर्यंत फुकट सोडतो म्हटलं, तर मी त्याला फुकट मिळणाऱ्या गोष्टींमागचं राजकारण समजावून सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, "बाई, मी तिकडंच चाललो होतो" म्हणाला आणि गेला. मी उन्हातून पायी गेले. तत्त्व शाबूत होतं, डोकं मात्र दोन दिवस ठणकत होतं.

पुढे मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं. विषय होता एसटी. आमच्याकडे बस फलाटाला लागली की लोक दाराकडे जातच नाहीत, आधी खिडकीकडे जातात. खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, हाताशी असेल ते आत टाकायचं. ज्याची वस्तू ज्या सीटवर, ती सीट त्याची. मग तो माणूस दहा मिनिटांनी पान खाऊन सावकाश चढला तरी चालतं. मी लिहिलं, 'रुमाल म्हणजे सातबारा नव्हे!' खाली माझं नाव, आडनावासकट. मैद्याची घट्ट खळ करून मी ते बसस्थानकाच्या प्रत्येक खांबावर चिकटवलं आणि एक खास, वाहतूक नियंत्रकाच्या केबिनच्या काचेवर.

त्यानंतर दोन महिन्यांनी मला अकोल्याच्या एका सरकारी कार्यालयाचं पत्र आलं. ग्रंथालय सहायकाची एकच जागा होती आणि निवड यादीत माझं नाव होतं. तीन वर्षं मी वेगवेगळ्या परीक्षा देत होते. आईने शेजारच्या घरांत सांगूनही टाकलं होतं. आता फक्त मूळ कागदपत्रांची पडताळणी राहिली होती. पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की सकाळी अकरा वाजता मूळ प्रतींसह हजर राहावे, गैरहजर राहिल्यास प्रतीक्षा यादीतील उमेदवाराचा विचार केला जाईल. खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं. बारीक अक्षरं वाचायची सवय मला नव्हती. पत्रकात जे महत्त्वाचं असतं ते मोठंच छापतात.

त्या दिवशी मी सात वाजता बसस्थानकावर पोचले आणि अकोल्याच्या फलाटावर रांगेत उभी राहिले. रांगेत मी एकटीच होते. एकट्या माणसाची रांग कुणाला दिसत नाही. पहिली बस आली, माझ्या दोन्ही बाजूंनी माणसं गेली, बस भरली आणि निघाली. साडेसातची बसही तशीच गेली. आठच्या सुमाराला तिसरी बस वळण घेऊन आत आली. समोरच्या पाटीवर मला मोठ्या अक्षरांत 'अकोला' दिसलं आणि माझ्यातलं काहीतरी तुटलं. मी पळत खिडकीशी गेले. आत पांढऱ्या टोपीचे एक म्हातारे बाबा बसले होते. मी टाचा उंचावल्या आणि हातातली फाईल त्यांच्याकडे सरकवली.

"बाबा, एवढी शेजारच्या सीटवर ठेवा ना. मी आलेच."

"ठेव, ठेव. धरतो जागा. ये लवकर."

मी दाराशी गेले. तिथे माझं तत्त्व परत जागं झालं. लेकरू कडेवर घेतलेली एक बाई होती, तिला म्हटलं तुम्ही आधी. तिच्या मागे तिची सासू होती, तिलाही म्हटलं तुम्ही आधी. सासूच्या मागे त्यांचं सगळं गाव होतं. शेवटी दार लागलं, घंटी वाजली आणि बस हलली.

"अहो, थांबा! अकोला! मला अकोल्याला जायचंय!" मी ओरडत पळाले.

"अवं बाई, कायले धावतं?" खांबाला टेकलेला एक जण म्हणाला. "अकोल्याहून आली ते. मोर्शीले चालली. पाटी पुरी वाचत जाय ना."

पाटीवर 'अकोला – मोर्शी' होतं. मी पहिलाच शब्द वाचला होता. आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला हायसंच वाटलं. बरं झालं, चुकीच्या बसमध्ये चढले नाही. मग हात रिकामा असल्याचं लक्षात आलं. त्या फाईलमध्ये दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं होती, जातीचा दाखला होता आणि ते पत्रही होतं. कार्यालयाला फोन करावा म्हटलं तर नंबर त्या पत्रावरच.

वाहतूक नियंत्रकाची केबिन समोर होती. तिच्या काचेवर माझं पत्रक होतं. कुणीतरी ते नखाने, किल्लीने, बहुतेक चमच्यानेही खरवडलेलं दिसत होतं, पण मजकूर पूर्ण वाचता येत होता. आत एक जाडजूड गृहस्थ माईकसमोर बसले होते.

"मूळ कागद?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खिडकीतून टाकले?"

"हो."

"मोर्शीच्या गाडीत?"

"हो."

"अकोल्याले जायासाठी?"

त्यांनी कंडक्टरला फोन लावला. तो उचलेना. भरलेल्या गाडीत तिकिटं फाडणारा माणूस फोन उचलत नाही. त्यांनी कागद ओढला आणि पेन काढलं.

"नाव सांगा."

मी नाव सांगितलं. ते लिहिता लिहिता थांबले. मान वळवून काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत काचेकडे.

"तुमीच काय त्या?"

"हो."

"दोन महिने झाले मी हे खरडून राहिलो. काय लावलं होतं वो, सिमेंट?"

"मैद्याची खळ."

"पत्रक मात्र मस्त हाये," ते म्हणाले. "रोज वाचतो. वाचाच लागते, तोंडासमोरच हाये ना!"

आता हा माणूस सूड घेणार, अशी माझी खात्री झाली. त्यांनी माईक ओढला आणि भोंग्यातून साऱ्या स्थानकाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं:

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. आत्ताच सुटलेल्या अकोला-मोर्शी गाडीत ज्यांचे नातेवाईक बसले असतील, त्यांनी ताबडतोब फोन लावावा. या गाडीत एका बाईंची फाईल गेलेली आहे." मग माझं पूर्ण नाव आलं, दोनदा. "बाईंना आज अकोल्याला ग्रंथालयाच्या नोकरीसाठी मूळ कागद दाखवायचे आहेत. कागद मोर्शीला चालले असून बाई इथंच आहेत. एसटीत रुमाल टाकू नये असे पत्रक यांनीच काढले होते. धन्यवाद."

सगळं स्थानक हसलं. शेजारच्या फलाटावरून अकोल्याची पुढची बस सुटत होती, तिच्या खिडक्यांमधूनही माणसं डोकावून हसत होती. मी मनातल्या मनात निषेधाचा मसुदा सुरू केला. तो 'जाहीर' या शब्दापुढे गेला नाही, कारण चार माणसं फोन कानाला लावून केबिनकडे पळत येत होती. सगळ्यांत पुढे बांगड्यांची पेटी घेतलेली एक बाई होती.

"माहा भाऊ हाये त्या गाडीत," ती म्हणाली आणि फोनचा स्पीकर चालू केला. "हॅलो, भाऊ! पाह्य बरं, कुठं फाईल दिसते काय?"

"हाये ना. हे काय सीटवर," पलीकडून आवाज आला. "पन इथं मोठा तमाशा चालू हाये. एक बाबा त्या सीटवर कोनाले बसूच देऊन नाई राह्यला. उभी हायेत मानसं अन् फाईल बसून चालली."

"दे त्यायले फोन."

खरखर झाली आणि बाबांचा आवाज आला. "काहून वं पोरी, कुठं अडकली तू? लोकं शिव्या देऊन राह्यले मले."

"बाबा, मी अमरावतीतच आहे. मी गाडीत चढलेच नाही."

"मंग मी जागा कोनासाठी धरली?"

नियंत्रकांनी फोन हातात घेतला आणि सगळं सांगितलं. फाईल कंडक्टरकडे दिली तर ती परतीच्या फेरीला, दुपारी दोननंतर मिळाली असती. बाबा म्हणाले, मी उतरतो आणि आणतो. मी फोनमध्ये तोंड घालून म्हटलं, "नको बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता? तुमचा काय संबंध?"

"फाईल मायापाशी हाये का तुयापाशी?"

"तुमच्यापाशी."

"मंग?"

आणि फोन बंद झाला. इतक्या आखूड युक्तिवादापुढे मी आयुष्यात कधी हरले नव्हते.

दोन तास मी त्या केबिनपुढे उभी होते. बांगड्यांची बाई आपली गाडी येईपर्यंत माझ्याजवळ थांबली आणि मला सांगत राहिली की तिची एक नणंदही अशीच हुशार आहे. दहा वाजून गेल्यावर फाटकातून संत्र्यांच्या क्रेटची गाडी आत शिरायला लागली. रखवालदार हात पसरून आडवा आला. ड्रायव्हरशेजारी पांढरी टोपी होती आणि टोपीखाली, दोन्ही हातांनी छातीशी धरलेली माझी फाईल. मोर्शी रस्त्यावरच्या एका फाट्यावर बाबा उतरले होते आणि समोरून येणारी पहिली गाडी त्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून थांबवली होती.

मी धावत गेले आणि हात पुढे केला. बाबांनी फाईल दिली नाही.

"थांब. तुयीच कायवरून? खिडकीतून हातच दिसले होते मले." त्यांनी चष्मा लावला, फाईल उघडली आणि पहिला कागद वर धरला. "दहावीले गणितात किती?"

आजूबाजूला आता बरीच माणसं जमली होती. नियंत्रकही केबिनमधून बाहेर आले होते.

"एकेचाळीस," मी म्हटलं.

"जोऱ्यात बोल. मले कमी ऐकू येते."

"एकेचाळीस!"

"बरोबर हाये," बाबांनी सगळ्यांना सांगितलं आणि फाईल माझ्या हातात दिली. "अन् मराठीत ब्याण्णव. मंग पाटी काहून नाई वाचता आली?"

आभार कसे मानतात याची मला सवय नव्हती आणि पाठ असलेल्या एकाही पत्रकात ते शब्द नव्हते. मी "बाबा, मी तुमची" एवढंच म्हटलं तोच समोर मोर्शीची गाडी लागली आणि तिच्या खिडक्यांवर माणसं तुटून पडली. बाबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली.

"भाषण राहू दे. माही कंबर दुखते, उभ्यानं नाई होत आता. जाय, जागा धर."

मी नियंत्रकांकडे पाहिलं. ते मुद्दाम आभाळाकडे पाहत होते. मी धावले, दोन माणसांना कोपराने बाजूला केलं, उडी मारली आणि खिडकीतून टोपी टाकली. तिसऱ्या रांगेत, खिडकीची सीट. इतकी नेमकी पडली की मागून कुणीतरी "वा!" म्हटलं. पुढच्याच मिनिटाला अकोल्याची बस आली. या वेळी मी पाटीवरचं शेवटचं अक्षर संपेपर्यंत पाय उचलला नाही.

अकोल्यापर्यंत मी उभी होते. मूर्तिजापूर येईतो अकरा वाजून गेले होते. आता माझं नाव पुकारलं असेल, आता कुणी 'हजर' म्हटलं नसेल, आता रकान्यात 'गैरहजर' पडलं असेल. बाबा एवढे परत आले, बांगडीवाली थांबली, माईकवाल्याने माझी लाज काढून का होईना फाईल शोधली, आणि सगळं वाया गेलं असेल. आईला काय सांगायचं, याचे तीन मसुदे मी मनात केले. तिन्ही वाईट होते.

कार्यालयाच्या पायऱ्या चढले तेव्हा दीड वाजायला आला होता. टेबलामागचे लिपिक डबा उघडून बसले होते आणि त्यांच्या अगदी समोर, टेबलाला गुडघे लागतील इतकी खुर्ची पुढे ओढून, निळ्या ओढणीची एक तिशीतली बाई बसली होती. दोघं एकमेकांकडे बराच वेळ न बोलता पाहत असावीत, असं दिसत होतं. माझ्या हातातली फाईल पाहून ती बाई वळली.

"फाईलवाल्या तुमीच काय?"

"हो. तुम्हाला कसं..."

"अमरावतीच्या स्टँडवर भोंग्यात आयकलं. मी अकोल्याच्या गाडीत बसली होती."

"या एकदाच्या," लिपिक म्हणाले. "बाई, तुमच्यामुळे ह्या सकाळपासून माझ्या डोक्यावर बसल्या आहेत. साडेअकराला मी तुमचं नाव तीनदा पुकारलं. पेन टेकवला होता मी रकान्यात, 'गै' लिहूनसुद्धा झालं होतं. तर ह्या उठल्या आणि मलाच नोटीस वाचायला लावली."

त्यांनी नोटीस माझ्याकडे फिरवली. ठळक अक्षरांत अकरा वाजता हजर राहण्याची सूचना. खाली बारीक अक्षरांत, पाचव्या क्रमांकावर, की पडताळणी सायंकाळी पाच वाजेपर्यंत करण्यात येईल आणि गैरहजेरीची नोंद त्यानंतर घेण्यात येईल. माझ्या पत्रातही ते होतं. मी वाचलं नव्हतं.

"म्हटलं, साहेब, पाच वाजू द्या," ती म्हणाली. "हे म्हणे, जेवणाआधी मोकळं करतो. मी म्हटलं, करा, मी इथंच बसते."

"मी त्यांना सांगितलं," लिपिक पोळीचा घास हातात तसाच धरून म्हणाले, "की तुम्हाला काय करायचं आहे? त्या नाही आल्या तर नंबर तुमचाच आहे. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव ह्यांचं, म्हणून ह्यांनाही आजच बोलावलं होतं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक नीट करत होती.

माझे कागद एकेक करून तपासले गेले. 'गै' खोडला गेला आणि त्याच्यावर सही झाली. वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ती बाई बसूनच होती, शिक्का बसेपर्यंत. मग उठली आणि पायऱ्या उतरायला लागली. मी मागे धावले.

"तुम्ही असं का केलं?"

"कसं?"

"तुम्ही गप्प बसला असता तरी चाललं असतं. कुणाला कळलंही नसतं."

"मले कळलं असतं ना," ती म्हणाली. मग थोडी चिडलीच. "हे पाहा, मार्कानं हारली तं हारली. तुमची फाईल मोर्शीले गेली म्हनून मी नोकरीले लागली, असं घरी कोनत्या तोंडानं सांगू? अन् नोटिशीत पाच लिहेल हाये तं पाच. उद्या माही गाडी चुकली तं?"

"घरी काय सांगाल आता?"

"सांगन, फाईलवाली आली." ती हसली, पण पुरतं नाही. भातकुलीला तिचा नवरा दुकानात कामाला होता, दोन मुली होत्या, आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटून दुसरी संधी होती. एवढं तिने चालता चालता सांगितलं, ते मी खोदून विचारलं म्हणून. मी म्हटलं, तुमचा फोन नंबर तरी द्या.

"माहा नंबर तं घेतला तुमी," ती म्हणाली, "आता दुसरा कोनता देऊ?" आणि समोर थांबलेल्या रिक्षात बसून गेली.

मला ती नोकरी मिळाली. मी आज त्याच ग्रंथालयात काम करते. ती प्रतीक्षा यादी वर्षभराने रद्द झाली. मी चौकशी केली होती. ती बाई तिच्या शेवटच्या संधीला कुठे बसली आणि काय झालं, मला माहीत नाही. मी इतकी वर्षं उपकार आणि हक्क यांची दोन वेगळी पत्रकं छापत होते. तिने माझ्यावर दया केली नाही. माझा हक्क होता तो मलाच ठाऊक नव्हता, आणि तो माझ्या गैरहजेरीत, स्वतःच्या नुकसानीवर, एका खुर्चीत दोन तास बसून तिने राखला. याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही. शब्द सापडेपर्यंत थांबावं असंही वाटत नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्हीही कधीतरी कुठल्यातरी कार्यालयात आपली पाळी यायची वाट पाहत बसाल. कुणाचं तरी नाव पुकारलं जाईल आणि कुणीच 'हजर' म्हणणार नाही. दुसऱ्यांदा पुकारलं जाईल. तुमचा नंबर एकाने पुढे सरकणार म्हणून तुम्हाला बरंही वाटेल. तेव्हा हातातला मोबाईल खाली ठेवा, उठा, टेबलाशी जा आणि विचारा, "साहेब, नोटिशीत वेळ कितीपर्यंत दिली आहे?" आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.